न्यूरोसर्जनकडे जाण्याआधी : कोल्हापूर परिसरातल्या रुग्णांनी आणि घरच्यांनी कोणत्या क्रमाने काय करावं

कंबर दुखते, पायात चमक येते, म्हणून कुणीतरी सांगतं, "एकदा एमआरआय काढूनच घ्या." एमआरआय निघतो. रिपोर्टात 'डिस्क बल्ज' (मणक्यांमधली गादी फुगून बाहेर येणं), 'नर्व्ह रूट कॉम्प्रेशन' (नस दबणं) असे शब्द दिसतात आणि घरात धावपळ सुरू होते. "मणक्यात गॅप पडलाय" असं गावभर होतं, आणि पाव्हण्यांपैकी कुणी नाव सुचवलेल्या न्यूरोसर्जनसमोर रुग्ण दुसऱ्याच दिवशी जाऊन बसतो. हातात फक्त रिपोर्टाचा कागद. फिल्म घरी, जुनी फाईल घरी, रोजच्या गोळ्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत. मग ऑपरेशन करायचं की नाही, हा एवढा मोठा निर्णय अर्धवट माहितीवर दहा-पंधरा मिनिटांत होतो.

क्रम उलटा झाला, की असं होतं. आधी त्रासाची नीट नोंद, मग योग्य प्रकारचा डॉक्टर, मग हाताने केलेली तपासणी, मग स्कॅन, आणि शेवटी निर्णय, असा हा क्रम हवा. खालचे टप्पे त्यासाठीच दिले आहेत.

टप्पा ० : ही वेळ घेऊन जायची गोष्ट आहे का?

काही त्रासांत डॉक्टर निवडत बसायचं नसतं. पुढचं काहीही असेल तर नंबर लावू नका. १०८ ला फोन करा, किंवा सीटी स्कॅन आणि अतिदक्षता विभाग चोवीस तास चालू असलेल्या जवळच्या मोठ्या दवाखान्यात थेट जा.

- चेहरा एका बाजूला वाकडा होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अचानक अडखळणं. रक्ताच्या गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यामुळे रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ लिहून घ्या. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो.
- आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं डोकं एका क्षणात दुखायला लागणं.
- डोक्याला मार लागल्यावर उलट्या, गुंगी, बेशुद्धी, किंवा नाका-कानातून रक्त वा पाणी येणं.
- पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेली फिट, किंवा शुद्धीवर न येता लागोपाठ आलेल्या फिट्स.
- कंबरदुखीसोबत लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसण्याच्या जागेची संवेदना जाणं, दोन्ही पायांतली ताकद कमी होणं.

यातली शेवटची गोष्ट सर्वात जास्त दुर्लक्षित होते. लघवीचं सांगायला माणूस लाजतो आणि दोन-तीन दिवस तसेच जातात. इथे उशीर झाला तर लघवी-संडासवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. घरातल्या माणसाने स्पष्ट विचारायला हवं.

सावध : फिट आलेल्या माणसाच्या तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. अपघातानंतर मान दुखत असेल तर रुग्णाला दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका.

टप्पा १ : न्यूरोसर्जनच हवा का, ते ठरवा

न्यूरॉलॉजिस्ट औषधाने उपचार करतो, तोच आपल्याकडे न्यूरोफिजिशियन म्हणूनही ओळखला जातो. न्यूरोसर्जन शस्त्रक्रिया करतो. फिट्स, मायग्रेन, पक्षाघातानंतरचे उपचार, कंपवात, विसरभोळेपणा, हातापायांची आग, यांसाठी पहिली भेट न्यूरॉलॉजिस्टची. मेंदूतली गाठ, डोक्यातला रक्तस्राव, मेंदूत पाणी साठणं, मज्जारज्जू किंवा नस दबल्याची ठोस चिन्हं असतील तर न्यूरोसर्जन.

मणक्याची शस्त्रक्रिया न्यूरोसर्जनही करतात आणि मणक्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलेले हाडांचे सर्जनही करतात. दोघांपैकी कुणीही चालतो. तो हेच काम नियमित करतो का, एवढं बघा.

साध्या कंबरदुखीसाठी थेट सर्जनकडे धावायची गरज बहुतेक वेळा नसते. डिस्कमुळे पायात चमक येणाऱ्या बऱ्याच रुग्णांना सहा ते बारा आठवड्यांत औषध, हालचाल आणि व्यायामाने आराम पडतो. आणि एमआरआयमध्ये दिसणारा 'बल्ज' काहीच दुखत नसलेल्या माणसांतही सर्रास सापडतो. म्हणून आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि त्यांच्याकडून चिठ्ठी घ्या. "का पाठवतोय" हे त्यांनी दोन ओळींत लिहिलं, तरी पुढच्या डॉक्टरांचं काम सोपं होतं.

एमआरआय स्वतःच्या मनाने काढू नका, त्याचं एक फार मोठं कारण आहे. त्रास कुठे जाणवतो आणि बिघाड कुठे असतो, या दोन जागा वेगळ्या असू शकतात. पाय जड पडतात, चालताना तोल जातो म्हणून लोक कंबरेचा एमआरआय काढतात. त्याच माणसाला सदऱ्याची बटणं लावता येत नसतील, किंवा बाईला भाकरी थापताना हात साथ देत नसतील, तर मज्जारज्जू बहुधा मानेत दबलेला असतो. पैसे कंबरेवर जातात आणि मानेचं दुखणं वाढत राहतं. तालमीत मानेवर जोर घेतलेल्या जुन्या पैलवानांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

टप्पा २ : नावं गोळा करा, मग चाळा

दोन-तीन नावं पुरेत. ती विचारायची तर नेहमीच्या डॉक्टरांना, न्यूरॉलॉजिस्टला, भूलतज्ज्ञ किंवा ऑपरेशन थिएटरमधली नर्स ओळखीची असेल तर त्यांना. सर्जनचा हात कसा आहे आणि ऑपरेशननंतर तो रुग्णाकडे किती वेळा येतो, हे त्यांना रोज दिसतं. इंटरनेटवरचे तारे बहुतेक वेळा स्वागतकक्ष, पार्किंग आणि ताटकळण्याबद्दल सांगतात. रुग्णवाहिकेचा चालक किंवा स्कॅन सेंटरमधला माणूस आपणहून एकाच दवाखान्याचा आग्रह धरत असेल, तर तेवढ्यावर ठरवू नका.

मग प्रत्येक नावाबद्दल चार गोष्टी तपासा.

*पदवी.* एम.सीएच. न्यूरोसर्जरी, किंवा डी.एन.बी. अथवा डीआर.एन.बी. न्यूरोसर्जरी. डी.एम. न्यूरॉलॉजी असेल तर ते औषधोपचारवाले. फेलोशिपची लांबलचक यादी ही मूळ पदवीच्या जागी चालत नाही.

*नोंदणी.* महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो, आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं.

*तुमच्याच दुखण्याचा अनुभव.* कंबरेच्या डिस्कची ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन मेंदूच्या तळाशी असलेली गाठही तितक्याच वेळा काढत असेल, असं नाही. "असं ऑपरेशन तुम्ही वर्षात साधारण किती करता?" हे विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही.

*ऑपरेशन कुठे होणार आणि रात्री कोण असणार.* माझ्या मते चौघांत हाच प्रश्न सर्वात महत्त्वाचा, आणि तोच कुणी विचारत नाही. कोल्हापूर, सांगली, मिरज या पट्ट्यात एकच सर्जन दोन-तीन ठिकाणी बसतो, आणि काही ठिकाणी पुण्या-मुंबईचे डॉक्टर ठरावीक वारी येतात. यात गैर काही नाही. पण मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही तास आणि दिवस नाजूक असतात. आत रक्त साठलं तर पुन्हा लगेच सीटी काढावा लागतो, कधी परत थिएटरमध्ये न्यावं लागतं. तेव्हा विचारा : तुम्ही त्या रात्री कोल्हापुरात आहात का? नसाल तर रुग्णाला कोण बघणार, आणि ते न्यूरोसर्जन आहेत का? त्याच इमारतीत सीटी, व्हेंटिलेटर आणि अतिदक्षता विभाग आहे का? रक्त कुठून येतं?

अंतराचाही विचार यादीतच करा. चंदगडच्या माणसाला बेळगाव जवळ, शिरोळच्या माणसाला मिरज जवळ. मोठ्या ऑपरेशननंतर टाके, ड्रेसिंग, फेरतपासणी अशा खेपा होतात. सगळ्या तपासण्या आपल्या भागात होत असतील, तर केवळ शहर मोठं म्हणून पुण्याला जायचं कारण नाही. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा, तान्ह्या बाळाचं ऑपरेशन, अवघड जागची गाठ, अशा वेळी मात्र तिथल्या मोठ्या केंद्राचा सल्ला जरूर घ्या.

तपासा : पदवी, नोंदणी, अनुभव, रात्रीची सोय. यातल्या एखाद्याचंही उत्तर मिळायचं राहिलं असेल, तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा ३ : पैशाचं आधी विचारा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते यादीतल्या दवाखान्यात, यादीतल्या उपचारांसाठी आणि आधी मंजुरी घेऊन. खिशातून भरलेले पैसे नंतर परत मिळतील, असं धरून चालू नका. लोक नेमके इथेच अडकतात. आधी भरती होतात, अनामत भरतात आणि मग योजनेची चौकशी करतात.

म्हणून पहिल्या भेटीआधीच त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेसाठी बसलेल्या मदतनीसाला) गाठा आणि विचारा : दवाखाना आज यादीत आहे का, न्यूरोसर्जरीसाठी आहे का, आमचं ऑपरेशन त्यात बसतं का. रेशनकार्ड, आधार आणि असेल तर आयुष्मान कार्ड, यांच्या मूळ प्रती सोबत असू द्या. रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का, ते घरीच बघून घ्या. योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ आहे.

सीपीआरमध्ये (कोल्हापूरच्या सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात) दाखवायचं असेल तर न्यूरोसर्जन कोणत्या वारी बसतात, हे आदल्या दिवशी विचारा आणि केसपेपरसाठी सकाळी लवकर पोहोचा. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून समाजसेवा अधीक्षकांना भेटा. खासगी विमा असेल तर कॅशलेस चालतं का आणि मणक्यात बसवायच्या स्क्रूचे पैसे पॉलिसीत धरलेत का, हे विमा कंपनीलाच विचारा.

टप्पा ४ : फाईल बांधा

इथे दोन तास द्या. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा.

सर्वात वर एक पान. एकच. त्यावर रुग्णाचं वय, काम, जुने आजार, झालेली ऑपरेशनं, औषधांची ॲलर्जी. त्याखाली त्रासाची हकीकत तारखांच्या क्रमाने. नमुना असा :

"वय ५४, शेती. मधुमेह ८ वर्षं. मार्चपासून कंबर दुखते. जूनच्या पहिल्या आठवड्यात खताचं पोतं उचललं, तेव्हापासून डाव्या पायात मांडीपासून अंगठ्यापर्यंत चमक. खोकल्यावर वाढते. गेले दहा दिवस डाव्या पायातली चप्पल चालताना निसटते. लघवी-संडास नीट. तीन आठवडे गोळ्या घेतल्या, थोडा फरक."

चप्पल निसटते, या एका वाक्याने सर्जन सावध होतो, कारण त्यातून पायाची ताकद किंवा संवेदना कमी झाल्याचं कळतं. "लई दुखतंय, कशातच मन लागत नाही," हे खरं असतं, पण त्यातून डॉक्टरांना जागा कळत नाही. दुखणं, मुंग्या, बधीरपणा आणि ताकद कमी होणं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीपुढे कुठे आणि कधीपासून, एवढं लिहा.

म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत गेल्या तीन महिन्यांतलं पडणं-झडणं आठवून लिहा, अगदी न्हाणीघरात हलकं आपटलेलं सुद्धा. कवटीच्या आत हळूहळू रक्त साठत जातं आणि काही आठवड्यांनी माणूस गुंगीत राहतो, असंबद्ध बोलतो, चालताना झोकांड्या खातो. घरचे म्हणतात, वय झालं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा धोका आणखी मोठा. हे वेळेत कळलं तर बऱ्याचदा तुलनेने छोट्या ऑपरेशनने माणूस पुन्हा चालता-बोलता होतो.

फिट येत असतील तर फिटचा मोबाइलवरचा व्हिडिओ दहा प्रश्नांची उत्तरं देतो. एकाने रुग्णाला सांभाळावं, दुसऱ्याने चित्रीकरण करावं.

पानाच्या मागे गोळ्या. चिठ्ठी नको, गोळ्यांची पाकिटंच एका पिशवीत भरून न्या. साखरेच्या, रक्तदाबाच्या, मेडिकलमधून स्वतः आणलेल्या वेदनाशामक, आयुर्वेदिक भस्म, काढा, सगळं.

त्यामागे स्कॅन. फिल्म, सीडी आणि रिपोर्ट, तिन्ही. सर्जन रिपोर्ट वाचून ऑपरेशन ठरवत नाही, तो चित्रं स्वतः बघतो. सीडी कोरी तर नाही ना, हे सेंटरवरच उघडून दाखवायला सांगा. जुना एमआरआय असेल तर तोही न्या, कारण गाठ वाढली की आहे तेवढीच आहे, हे दोन चित्रं शेजारी ठेवल्यावरच कळतं. फिल्म दुमडू नका, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फिल्मचा फोटो निर्णयासाठी पुरत नाही.

पूर्वी गाठीचा तुकडा तपासायला दिला असेल, तर पॅथॉलॉजी रिपोर्टसोबत त्याची स्लाइड आणि ब्लॉकही (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या. दुसऱ्या ठिकाणी तेच पुन्हा तपासता येतं.

सावध : रक्त पातळ करणारी गोळी, फिटची गोळी किंवा स्टेरॉईड "उद्या डॉक्टरकडे जायचंय" म्हणून बंद करू नका. ऑपरेशनआधी कोणती, किती दिवस बंद करायची, हे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून सांगतात. फिटची गोळी अचानक थांबली की मोठी फिट येऊ शकते.

सावध : एमआरआय काढायचा असेल तर पेसमेकर, डोक्यातली क्लिप, जुने स्क्रू-प्लेट याबद्दल आधी सांगा. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत, लेथवर, ग्राइंडरवर काम केलेल्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर तेही सांगायलाच हवं. चुंबकामुळे तो कण आत सरकतो आणि नजर जाऊ शकते.

टप्पा ५ : फोन आणि प्रवास

वेळ घेताना विचारायचं थोडंच असतं : डॉक्टर स्वतः बघणार ना, फी किती, फेरतपासणीची फी किती दिवस लागत नाही, चाकाची खुर्ची आत नेता येते का. गडहिंग्लज, आजरा, राधानगरीकडून येणाऱ्यांनी परतीच्या एसटीची वेळही सांगावी, बरेचदा नंबर पुढे-मागे करून देतात.

तसं सांगितलं असेल तरच उपाशी या, एरवी नको. मधुमेहाचा रुग्ण रिकाम्या पोटी तासन्‌तास बसला की साखर उतरते, आणि ती गुंगी मेंदूची समजली जाते. कपडे सैल घाला. सोबत दोनच माणसं असावीत. एक, ज्याने त्रास रोज बघितलाय. दुसरा, ज्याच्या शब्दावर घरात निर्णय होतो. मुंबईतला मुलगा निर्णय घेणार असेल, तर त्याला त्या वेळी फोनवर मोकळं राहायला सांगा, आणि फोन लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

टप्पा ६ : आत गेल्यावर

ते एक पान डॉक्टरांच्या हातात द्या आणि रुग्णाला बोलू द्या. घरचे मध्ये बोलतात, ही नेहमीची चूक. रुग्ण शब्द कसे जुळवतो, काय विसरतो, यातूनही डॉक्टर मेंदूची परीक्षा करत असतात.

लपवू नका. दारू, तंबाखू, मिश्री, हाडवैद्याने दिलेला झटका, आधीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आणि आपण न केलेलं. रोज पिणाऱ्याची दारू भरती झाल्यावर अचानक तुटते आणि दोन-तीन दिवसांत भ्रम होतो, फिट येते. आधी माहीत असेल तर ते टाळता येतं. बायकोसमोर बोलवत नसेल, तर डॉक्टरांकडे एकट्याने दोन मिनिटं मागा.

डॉक्टरांनी हातापायांची ताकद, संवेदना, चालणं तपासलं का, इकडे लक्ष असू द्या. फक्त फिल्म बघून मणक्याचं ऑपरेशन सांगितलं, तर "एकदा पाय तपासून बघता का?" असं नम्रपणे म्हणा.

मग प्रश्न. ते आधी लिहून आणा :

१. माझा त्रास आणि स्कॅनमधला बिघाड जुळतो का?
२. ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? किती दिवस थांबता येईल?
३. ऑपरेशनचा हेतू काय? दुखणं कमी करणं, ताकद वाचवणं, की गाठ कसली आहे ते कळणं?
४. मुख्य धोके कोणते, आणि माझ्या वयात, माझ्या साखरेत ते किती?
५. स्वतः कोण करणार? रात्री कोण?
६. किती दिवसांनी शेतात, कामावर, दुचाकीवर?

तिसरा प्रश्न सोडू नका. डिस्कचं ऑपरेशन मुख्यतः पायातल्या चमकेसाठी असतं. कंबर तेवढी सुधारेलच असं नाही, आणि बधीरपणा जायला महिने लागतात. हे आधी न कळल्यामुळे, नीट झालेलं ऑपरेशनही "फेल गेलं" म्हणून लोक वर्षानुवर्षं कुढत राहतात.

टप्पा ७ : ऑपरेशन सांगितलं तर

"आज, या आठवड्यात, की महिन्याभरात?" हे स्पष्ट विचारा. उत्तर 'आज' असेल आणि टप्पा शून्यमधली चिन्हं असतील, तर दुसऱ्या मताच्या शोधात फिरू नका. बाकीच्या वेळी दुसरं मत घ्यायला हरकत नाही. पहिल्या डॉक्टरांना तसं सांगितलं म्हणून चांगला डॉक्टर दुखावत नाही.

दुसरं मत मात्र नीट घ्या. वेगळ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे जा. तीच फाईल द्या, आणि पहिल्यांचं मत काय होतं ते त्यांची तपासणी झाल्यावरच सांगा. दोघांचं जुळलं तर थांबा, पाचवं मत शोधू नका. जुळलं नाही तर "का वेगळं वाटतं?" हे दोघांनाही विचारा. ज्याचं कारण तुमच्या तपासणीवर आणि फिल्मवर बोट ठेवून सांगता येतं, त्याच्याकडे मी झुकेन.

खर्चाचा अंदाज लेखी घ्या : खोली, अतिदक्षता विभागाचा रोजचा दर, स्क्रू किंवा शंट (मेंदूत साठलेलं पाणी वाहून नेणारी नळी), औषधं, पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं तर काय. संमतीपत्रावर सही करण्याआधी ते मराठीत वाचून दाखवायला सांगा.

टप्पा ८ : बाहेर पडल्यावर

जिना उतरण्याआधी, तिथल्याच बाकावर बसून, काय सांगितलं ते सोबतच्या दोघांनी वेगवेगळं लिहा आणि जुळवा. फरक पडला तर तेव्हाच आत जाऊन विचारता येतं. मेडिकलमधून घेतलेल्या गोळ्या चिठ्ठीशी ताडून बघा, विशेषतः मिलिग्रॅमचा आकडा. फिटच्या गोळीचा ब्रँड दुकानदाराने बदलून दिला तर डॉक्टरांना फोन करून विचारा. पुढची तारीख, आणि रात्री त्रास वाढला तर कुठल्या नंबरवर फोन करायचा, हे फाईलच्या पुठ्ठ्यावर लिहा.

पावसाळ्यात एक जादा काळजी घ्यावी लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. ज्यांच्या डोक्यात शंट आहे, ज्यांना फिट्स येतात, किंवा ज्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये निदान दोन आठवड्यांच्या गोळ्या घरात ठेवाव्यात. पंचगंगेचं पाणी चढलं तर आपल्या बाजूला सीटी आणि न्यूरोसर्जन असलेला दवाखाना कोणता, हे सर्जनना आधीच विचारून ठेवावं.